जळगाव-धुळ्याहून बालीला सात दिवस: काय आधी, काय नंतर आणि नेमकं कुठे चुकतं

बालीहून परतलेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. निम्मी सहल गाडीत बसून गेली. शेजारच्या पेनिदा बेटाची बोट शेवटच्या दिवसासाठी ठेवली आणि नेमकी तीच रद्द झाली. रेल्वे उशिरा पोहोचली आणि मुंबईत विमान सुटता सुटता राहिलं. हॉटेल किंवा एजंट वाईट होता म्हणून हे घडत नाही, कामांचा क्रम चुकलेला असतो. ज्वालामुखीच्या बेटावर डोंगर, समुद्र आणि राख यांचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. म्हणून जे त्यांच्यावर अवलंबून आहे ते सहलीच्या पहिल्या भागात उरकायचं आणि जे आपल्या हातात आहे ते शेवटी ठेवायचं. खालचा सगळा आराखडा याच नियमावर बेतलेला आहे.

पायरी १ : महिना आणि तारखा ठरवणं

बालीत पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर असतो. जळगाव ४४-४५ अंशांवर तापलेलं असतं आणि मुलांना सुट्ट्या असतात, तो मे महिना बालीसाठी उत्तम. जूनही चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान असते, पण ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली गर्दी उसळते, भाव चढतात आणि पेनिदाच्या बाजूचा समुद्र जास्त खवळलेला असतो. दिवाळीची सुट्टी तिथल्या पावसाच्या तोंडावर येते. त्या वेळी जायचं असेल तर रोज दुपारनंतर एखादी सर येणार असं धरूनच बेत करा.

गुढीपाडव्याच्या आसपास जाऊ नका. बालीचे हिंदू शक संवत्सर पाळतात आणि त्यांचा नववर्षाचा 'न्येपी' हा दिवस आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतो. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच होते. न्येपीला संपूर्ण बेट २४ तास बंद असतं. विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर पाऊल टाकायला मनाई आणि रात्री दिवेही मंद. हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं. सात दिवसांतला एक असा जाणं परवडत नाही.

रात्र किती लवकर होते हेही लक्षात ठेवा. बेट विषुववृत्ताजवळ असल्यामुळे बाराही महिने साडेसहाच्या आतबाहेर अंधार पडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो, त्या सवयीने आखलेला दिवस तिथे अपुरा पडतो. म्हणून निघायचं ते सकाळी साडेसात-आठला.

पायरी २ : कागदपत्रं, दोन महिने आधीपासून

पासपोर्टची मुदत बालीत उतरण्याच्या दिवसापासून पुढे किमान ६ महिने शिल्लक हवी आणि निदान दोन पानं कोरी हवीत. पाच महिने शिल्लक आहेत म्हणून चालून जाईल असं होत नाही, मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवरूनच परत पाठवतात. नवा ३६ पानी पासपोर्ट साध्या मार्गाने १५०० रुपयांत आणि तत्काळमध्ये ३५०० रुपयांत होतो. पोलीस पडताळणीला गावाकडे वेळ लागतो. शेतात मळ्यावर राहत असाल तर पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा पडतो.

नावाची भानगड इथेच मिटवा. कित्येक आजी-आजोबांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. लग्नानंतर सुनेचं नाव आधारवर बदललेलं असतं आणि पासपोर्टवर माहेरचं असतं. तिकीट, व्हिसा आणि विमा या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच टाका. आडनाव नसेल तर ते कसं भरायचं हे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या.

भारतीयांना बालीत उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याची फी माणशी ५ लाख रुपिया (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन). हाच व्हिसा घरून ऑनलाइन काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते, आणि मिळाल्यापासून ९० दिवसांत कधीही बालीत दाखल होता येतं. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपियांचा वेगळा कर घेतो. तो 'लव्ह बाली' या सरकारी संकेतस्थळावर भरून त्याचा क्यूआर मोबाइलमध्ये ठेवायचा. दोन्ही मिळून माणशी साडेसहा लाख रुपिया, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये. कडेवरच्या मुलाचाही व्हिसा वेगळा लागतो.

उतरण्याच्या तीन दिवस आधीपासून आगमनाची ऑनलाइन नोंद भरता येते. कस्टम, आरोग्य आणि इमिग्रेशन यांची ती एकत्र नोंद आहे आणि ती मोफत आहे.

> सावधान : या तिन्ही कामांसाठी सर्चमध्ये वर झळकणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. इंडोनेशियाच्या सरकारी पत्त्याचा शेवट कायम 'डॉट गो डॉट आयडी' असा असतो. तो दिसला नाही तर कार्डाचा नंबर टाकू नका.

विमा तिकीट काढलं त्याच दिवशी घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जून-जुलैत फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची विमानं रद्द झाली. तेव्हा खुद्द बालीतला एकही डोंगर पेटलेला नव्हता. उद्रेकाची बातमी आल्यावर घेतलेल्या विम्यात बहुतेक कंपन्या 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून दावा नाकारतात. पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीने होणारा उशीर, प्रवास रद्द होणं आणि रुग्णालयाचा खर्च या तीन गोष्टी शोधून वाचा.

एजंटकडून पॅकेज घेत असाल तर परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे आधीच वसूल होणारा आयकर, कापला जातो. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात. त्यासाठी पॅन बरोबर द्या आणि टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या. दुकानदार मंडळी बिल ठेवतात आणि हे प्रमाणपत्र मागायचं विसरतात.

पायरी ३ : तिकीट आणि मुंबईपर्यंतचा प्रवास

विमान मुंबईहून थेट मिळतं किंवा सिंगापूर, क्वालालंपूरसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-बाली अशी वेगळी तिकिटं काढली तर सिंगापुरात बॅग बाहेर येऊन घ्यावी लागते. बाहेर यायला सिंगापूरचा व्हिसा लागतो. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं सुटल्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

सगळ्यात जास्त माणसं तारखेत चुकतात. तिकिटावर '१५ मे, ००:४०' असेल तर ते १४ तारखेच्या रात्रीचं विमान आहे. विमानतळावर १४ च्या रात्री साडेनऊला पोहोचायचं आणि जळगावहून गाडी १४ च्या सकाळची किंवा त्याआधीची धरायची. कॅलेंडरवर १४ तारखेवर 'रात्री विमान' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. भुसावळ-जळगावहून कल्याणला किंवा दादरला उतरायचं. कागदावर हा सहा-सात तासांचा प्रवास असला तरी पावसाळ्यात कसारा-इगतपुरी घाटात गाडी किती वेळ थांबेल याचा नेम नसतो. रेल्वेची मुंबईत पोहोचण्याची वेळ आणि विमानतळावर हजर व्हायची वेळ यांत निदान ८ तास ठेवा, जून ते सप्टेंबरात आदल्या दिवशीच पोहोचा. धुळेकरांना महामार्गाने गाडी करणं सोयीचं, पण ठाणे-भिवंडीच्या कोंडीसाठी दोन तास जास्तीचे धरा. नंदुरबार-शहाद्याकडून सुरतमार्गे जाणारी गाडी बरी पडते.

> तपासणी : तिकीट काढल्यावर चार गोष्टी एका कागदावर लिहा. घरून निघायची तारीख, विमानतळावर हजर व्हायची तारीख आणि वेळ, बालीत उतरायची स्थानिक वेळ, हॉटेलची पहिली रात्र. बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं. सकाळी उतरणार असाल तर खोली दुपारी दोनलाच मिळते, हे हॉटेलशी बोलून ठेवा.

पायरी ४ : पैसे

एका रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया मिळतात. हिशेबाची सोपी रीत अशी: शेवटचे तीन शून्य काढा आणि उरलेल्याला साडेपाचने गुणा. ५०,००० रुपियांची वस्तू म्हणजे ५० गुणिले साडेपाच, सुमारे पावणेतीनशे रुपये. गाडीत बसल्या बसल्या याचा सराव करा, कारण शून्यांच्या गोंधळात दहाच्या जागी शंभर हजारांची नोट हातातून जाते.

भारतीय रुपये तिथे बदलायला नेऊ नका, भाव अगदी पडका मिळतो. अमेरिकन डॉलर न्या, शंभराच्या नोटा, कोऱ्या, घडी नसलेल्या, पेनाची खूण किंवा शिक्का नसलेल्या. दुमडलेली नोट तिथला मनी चेंजर परत करतो किंवा भाव कमी देतो. पाकिटात न ठेवता वहीच्या पानांत ठेवा.

कार्डाबाबत दोन गोष्टी घरीच करायच्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर सुरू करा, कारण बहुतेक कार्डांवर तो बंदच असतो. आणि तुमचं कार्ड घरगुती रुपे प्रकारचं आहे का ते पाहा. जिल्हा बँक किंवा पतसंस्थेचं तसलं कार्ड तिथे चालणार नाही. यूपीआयवर विसंबू नका. ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या.

तिथल्या अनेक एटीएममधून आधी पैसे येतात आणि कार्ड नंतर. आपली सवय उलटी, त्यामुळे पैसे घेऊन माणूस चालू लागतो आणि कार्ड आतच राहतं. एटीएम बँकेच्या आवारातलंच वापरा.

मनी चेंजरकडची हातचलाखी नीट समजून घ्या. गल्लीतल्या टपरीवर बाहेर लिहिलेला भाव इतर सगळ्यांपेक्षा चढा असतो. शंभर डॉलरचे साधारण सोळा लाख रुपिया होतात. समोरचा मुद्दाम लहान नोटा काढतो, टेबलावर गड्ड्या लावतो आणि तुमच्यासमोर मोजतो. तुम्ही मोजता, बरोबर भरतात. मग तो 'एकदा पुन्हा' म्हणून गड्डी हातात घेतो आणि टेबलावर आपटून सारखी करताना चार-पाच नोटा आतल्या बाजूला सोडतो. यावर उपाय एकच. एक लाखाच्या नोटा मागा म्हणजे सोळाच मोजायच्या राहतात, स्वतः शेवटी मोजा आणि मोजल्यावर गड्डी पुन्हा त्याच्या हातात देऊ नका. परत मागितली तर आपले डॉलर घेऊन बाहेर पडा. काचेचा दरवाजा, छापील पावती आणि परवान्याचा फलक असलेलं दुकान दोन पैसे कमी देईल, पण पूर्ण देईल.

पायरी ५ : सामान आणि खाणं

घरच्या शिदोरीचा मोह सुटत नाही आणि शाकाहारी माणसाला ती लागतेही. खाकरे, शेव, कोरडी शेंगदाणा चटणी, मेतकूट, भाजलेलं पीठ, थेपले हे सगळं चेक-इन बॅगेत, घट्ट पाकिटांत. लोणचं आणि तूप हँडबॅगेत चालत नाही. सुकं खोबरं दोन्हीकडे नको, त्यात तेल असल्यामुळे ते ज्वलनशील धरतात. ताजी फळं, बियाणं, रोपं बालीत नेऊ नका. यावल-रावेरच्या केळ्यांचा घडही नाही. काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तो घरीच ठेवा. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी तर नक्कीच, तिथे खसखस निषिद्ध पदार्थांत मोडते. अमली पदार्थांबाबत इंडोनेशियाचा कायदा फाशीपर्यंत जातो. म्हणून झोपेच्या किंवा जास्त तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेवा, आणि ओळखीच्या माणसानेही दिलेलं पुडकं नेऊ नका.

बालीत भाजीच्या पदार्थातही कोळंबीची पेस्ट, 'तेरासी', घातलेली असते. 'नासी गोरेंग' म्हणजे परतलेला भात. व्हेज म्हटलं तरी त्यावर अंडं येतं आणि बाजूला कोळंबीचे पापड येतात. हे शब्द कागदावर लिहून ठेवा: तान्पा म्हणजे शिवाय, दागिंग मांस, आयाम कोंबडी, बाबी डुक्कर, सापी गोमांस, इकान मासा, उदांग कोळंबी, तेलुर अंडं, बावांग कांदा-लसूण. 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी' एवढं वाक्य म्हटलं की काम होतं. टोफूला तिथे 'ताहू' म्हणतात, सोयाबीनच्या वडीला 'तेम्पे' आणि केळ्याच्या भज्यांना 'पिसांग गोरेंग'. भुकेच्या वेळी ही भजी कुठेही मिळतात, पण तळणाचं तेल वेगळं आहे का ते विचारा. भारतीय जेवण कुटा, सेमिन्याक, नुसा दुआ आणि उबुडमध्ये मिळतं. डोंगराकडे गेलात की जवळपास नाहीच, त्या दिवशी डबा बांधून घ्या.

पाणी बाटलीचंच, दात घासायलाही. दोन बारीक पिनांचा चार्जर तिथे बसतो, तीन पिनांचा बसत नाही. म्हणून अडॅप्टर घ्या. कापडी पिशवी लागेलच, दुकानात प्लास्टिकची पिशवी मिळत नाही.

पायरी ६ : मुक्काम कुठे, किती

एकाच हॉटेलवर सगळ्या रात्री काढून रोज बेटभर फिरणं ही सगळ्यात महागडी चूक. नकाशावर बेट लहान दिसतं. विमानतळ ते उबुड अंतर ३५-४० किलोमीटर आहे, म्हणजे जळगाव ते भुसावळच्या साधारण दीडपट, पण दीड तास लागतो आणि संध्याकाळी दोन तासही जातात. बेटावर रेल्वे नाही, रस्ते दुपदरी आणि त्यात मिरवणुका. अंतर किलोमीटरमध्ये न विचारता तासांत विचारा.

मुक्काम असे विभागा: उबुडला ३ रात्री, सानूरला २, दक्षिणेला जिंबारान किंवा नुसा दुआकडे १. विमान रात्री नऊनंतर उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढा आणि उबुडची एक कमी करा.

गाडी चालकासह १० तासांसाठी करा. त्यात पेट्रोल, पार्किंग आणि चालकाचं जेवण धरलंय का, हे संदेशात लिहून घ्या. भाव साधारण ६ ते ८ लाख रुपिया, गाडीच्या आकारानुसार. ठरवतानाच सांगा की लुवाक कॉफीचे मळे, चांदीची दुकानं, बाटिकची दुकानं आम्हाला नकोत. तिथे चालकाला कमिशन असतं आणि तुमचा दीड तास जातो.

> सावधान : स्कूटर भाड्याने घेऊ नका. आपला लायसन्स तिथे पुरत नाही, आणि योग्य परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो. वाहतूक डावीकडूनच असते म्हणून सोपं वाटतं, पण चढ-उताराच्या अरुंद रस्त्यावर पर्यटकच जास्त पडतात.

पायरी ७ : सात दिवसांचा क्रम

*दिवस १.* विमानतळावरून सरळ उबुड. वाटेत काही पाहायचं नाही. झोप झालेली नसते आणि चिडचिड इथेच सुरू होते.

*दिवस २.* उबुडच्या जवळचं. सकाळी आठला तेगाल्लालांगची भाताची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, नंतर गुनुंग कावी आणि तिर्ता एम्पुल ही मंदिरं, दुपारनंतर गावातला राजवाडा आणि बाजार. तिर्ता एम्पुलच्या झऱ्यात स्नान करायचं असेल तर तिथलं वेगळं सारोंग (कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र) भाड्याने घ्यावं लागतं, घरचे कपडे घालून उतरता येत नाही. तोट्यांखाली डावीकडून क्रमाने जायचं असतं. त्यातल्या दोन तोट्या मृतांच्या विधींसाठी आहेत, त्या सोडायच्या. रांगेत पुढे बालीची माणसं असतील तर ती करतील तसं करा. आपल्याकडे गंगेच्या घाटावर कोणी फोटोसाठी आडवं आलं तर जसं खटकेल, तसंच त्यांनाही खटकतं.

मंदिरात गुडघे झाकणारं सारोंग आणि कमरेला पट्टा सगळ्यांनाच लागतो, पुरुषांनाही. पाळीच्या दिवसांत प्रवेश नसल्याचे फलक बऱ्याच मंदिरांवर असतात. रस्त्यावर, उंबऱ्यावर ठेवलेल्या फुलांच्या लहान द्रोणांवर पाय देऊ नका, ती पूजा असते.

*दिवस ३.* बातूर. हा दिवस इतका आधी ठेवला कारण ढग आले किंवा डोंगर बंद असला तर दिवस ४ शी अदलाबदल करता येते.

बातूर हा जागता ज्वालामुखी आहे, उंची १७१७ मीटर. सूर्योदयाच्या चढाईसाठी उबुडहून रात्री दोनला निघावं लागतं. पायथ्याशी पोहोचून चारच्या सुमारास चढायला सुरुवात होते, आणि साधारण दोन तासांत माथा येतो. चढ सुमारे ६५० ते ७०० मीटरचा. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा रात्री चढून गेलेल्या माणसाला हा चढ जड जाणार नाही. त्रास होतो तो उतरताना. वाट राखेच्या आणि भुसभुशीत, चुरचुरणाऱ्या लाव्ह्याच्या खडीची असते. पाऊल ठेवलं की खडी गोट्यांसारखी खाली सरकते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. त्यासाठी टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, पावलं आखूड टाकायची आणि पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवायचं. चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट नकोत. माथ्यावर अंगात स्वेटर लागतो, बेट उष्ण असलं तरी पहाटे तिथे कुडकुडायला होतं. कातळाच्या फटींतून वाफ येते, तिच्यावर हात धरू नका.

गुडघेदुखी, दमा, रक्तदाब असलेल्यांनी आणि लहान मुलांनी चढाई सोडून किंतामानीच्या कड्यावरून सकाळी दृश्य पाहावं. तिथून सरोवर, काळा लाव्हा आणि मागे आगुंग पर्वत एकाच नजरेत येतो. दहानंतर ढग उतरतात, म्हणून आठच्या आत पोहोचा.

> तपासणी : डोंगराच्या दिवशी आदल्या संध्याकाळी इंडोनेशियाच्या ज्वालामुखी विभागाचं 'मॅग्मा इंडोनेशिया' हे संकेतस्थळ पाहा. पातळ्या चार आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. दुसरी पातळी असेल तर किती किलोमीटरच्या आत जायचं नाही तो आकडा वाचा. तिसरी किंवा चौथी असेल तर बेत रद्द. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या दलालाचं ऐकू नका.

*दिवस ४.* उबुड सोडायचं, सामान गाडीत. वाटेत बेदुगुलचं सरोवरातलं उलुन दानू मंदिर, जातिलुविहची शेतं आणि तानाह लोट या तिघांपैकी दोनच निवडा. तिन्ही घेतली तर सूर्यास्त गाडीतच होतो. शेतीत रस असेल तर जातिलुविह चुकवू नका. पाटाचं पाणी मंदिराच्या व्यवस्थेतून पाळीपाळीने वाटून घेण्याची 'सुबाक' पद्धत तिथे डोळ्यांनी दिसते, २०१२ साली ती जागतिक वारशात गेली. पांझरेच्या फड पद्धतीची माहिती असलेला माणूस त्या बांधांवर तासभर उभा राहील. रात्री सानूर.

*दिवस ५.* नुसा पेनिदा. सानूरच्या बंदरावरून सकाळी साडेसात-आठची बोट घ्या, पाऊण तासात पोहोचते. परतीची शेवटची बोट साडेचार-पाचच्या सुमारास असते. दोन्ही तिकिटं आधी घ्या. पेनिदावरचे रस्ते खराब आहेत, त्यामुळे एका दिवसात फक्त पश्चिम बाजू करा: केलिंगकिंगचा कडा, ब्रोकन बीच, क्रिस्टल बे. पूर्व-पश्चिम दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणणारा तुम्हाला फक्त जीप दाखवतो.

केलिंगकिंगला कड्यावरून पाहून परत फिरा. खाली किनाऱ्यावर जाणारी वाट सरळ उतरणीची आहे, कठडे बांबूचे आहेत आणि खालच्या लाटांत माणसं वाहून गेली आहेत. तापी-गिरणेत पोहणाऱ्याला समुद्राचा मागे ओढणारा प्रवाह कळत नाही, तो पायाखालची वाळूच घेऊन जातो. बालीच्या कुठल्याही किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरा. लाल झेंडा असेल तर पाऊलही नको.

बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी आणि मागच्या बाजूला बसावं.

*दिवस ६.* हा राखीव दिवस. समुद्रामुळे काल पेनिदा राहिलं असेल तर आज. नाहीतर सकाळी उशिरा दक्षिणेला जा आणि संध्याकाळी उलुवातू. कड्यावरचं मंदिर साडेचारलाच गाठा, सहाच्या केचक नृत्याला जागा धरावी लागते. रामायणातला सीताहरणाचा भाग असतो, त्यामुळे आजी-आजोबांनाही कळतो. तिथली माकडं चष्मा, मोबाइल, कानातलं ओढतात आणि खाऊच्या बदल्यात परत करतात. चष्म्याला दोरी बांधा, जमेल तर पिशवीत ठेवा. माकडाच्या हातातून ओढून घेऊ नका. बालीत रेबीज आहे. माकड किंवा कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, भारतात जाऊन घेऊ म्हणून थांबू नका.

*दिवस ७.* जवळचा किनारा, खरेदी, विमानतळ. लांब कुठेही नाही.

लेम्पुयांगचं 'स्वर्गाचं दार' या यादीत नाही. उबुडहूनही दोन तासांहून जास्त लागतात, फोटोच्या रांगेत कित्येकदा अर्धा दिवस जातो, आणि फोटोत दिसणारं तळं तिथे नाहीच, मोबाइलखाली आरसा धरून ते दाखवतात.

गल्लीतली स्वस्त 'आराक' दारू पिऊ नका. मिथेनॉलच्या भेसळीने इंडोनेशियात माणसं आंधळी झाली आहेत, दगावलीही आहेत.

पायरी ८ : परतीचा दिवस आणि राख आली तर

आदल्या रात्रीपासून विमान कंपनीचा संदेश आणि अ‍ॅप पाहत राहा. विमान राखेमुळे रद्द झालं तर हा क्रम पाळा. आधी अ‍ॅपवरून पुढच्या तारखेचं बदली तिकीट घ्या, नंतर हॉटेलची रात्र वाढवा, मग रद्द झाल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल मागा, आणि शेवटी विमा कंपनीला कळवा. पावत्या जपा. घाबरून दुसऱ्या कंपनीचं महागडं तिकीट लगेच काढू नका. राख सगळ्यांसाठीच असते, त्या दिवशी इतर कंपन्यांचीही विमानं रद्द होऊ शकतात. व्हिसा ३० दिवसांचा असल्याने दोन-तीन दिवस लांबले तरी मुदतीची चिंता नसते. मुदत ओलांडली तर मात्र दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे.

विमानतळावर तीन तास आधी. समुद्राचे शंख, प्रवाळ, बातूरवरचा लाव्ह्याचा दगड बॅगेत टाकू नका. उरलेल्या रुपियांची नाणी कोणी बदलून देत नाही, ती शेवटच्या चहात खर्च करा.

मुंबईहून जळगाव-धुळ्याचं परतीचं आरक्षण विमान उतरतं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा. बदली तिकीट मिळालं आणि तारीख पुढे गेली, तर विमानात बसण्याआधी बालीतूनच मोबाइलवर रेल्वेचं आरक्षण रद्द करून टाका, गाडी सुटायच्या बरेच तास आधी केलं तरच काही पैसे परत येतात.